भाज्याची रगेडबाई

उर्शाला, झुंबरच्या माहेरगावी, देवीची साथ आली त्या साली झुंबर पाच वर्षांची असेल-नसेल. आईनं तिला कडुनिंबाच्या पाल्यावर निजवलं आणि देवीची गाणी म्हणत उशाशी बसून राहिली. पोर वाचली. साथ मात्र जाताना तिच्या गालांवर, कपाळावर आणि नाकाच्या शेंड्यावर आपल्या खुणा ठेवून गेली. घरात तळहाताएवढा एक आरसा होता. तो आईनं कुठं नेऊन ठेवला ते कुणाला कळलं नाही आणि झुंबरनंही तो कधी मागितला नाही.

पुढं लग्नाची वेळ आली. पाहुणे यायचे, गूळपाणी घ्यायचे, पोरीकडं एकदा बघायचे आणि "कळवतो" म्हणून उठायचे. भाज्याचे पाहुणे आले तेव्हा झुंबर घरात नव्हतीच. डोईवर हंड्यावर हंडा आणि काखेत घागर घेऊन ती ओढ्याकडनं चढ चढत होती. नवऱ्यामुलाच्या चुलत्यानं ते ओसरीवरनं बघितलं आणि तिथल्या तिथं सुपारी फोडायला सांगितली.

"आमचं घर डोंगराच्या बुडाला," तो म्हणाला. "आमाला तोंड घिऊन काय करायचंय? पाय बघितलं, लय झालं!"

बसलेली सगळी माणसं हसली. झुंबरही खाली मान घालून हसली. पण ते बोलणं तिच्या मनात रुतलं ते रुतलंच.

नवरा मिळाला तो मात्र लाखात एक. रखमाजी अंगानं किरकोळ, बोलायला मंद. एक वाक्य बोलायचं तर आधी दोनदा खाकरायचा. पहिली लढाई चालू होती तेव्हा तो मुंबईला गोदीत कामाला गेला आणि काही वर्षं तिकडंच राहिला. मागं झुंबरबाईनं विसापूरच्या पायथ्याची खाचरं एकटीनं सांभाळली. नांगर धरला, आंबेमोहोर पिकवला, म्हशीचं बाळंतपण केलं आणि स्वतःचंही केलं. रखमाजी खोकला घेऊन परत आला, तेव्हा त्याचा पोरगा अंगणात हुंदडत होता आणि घरावर नवी कौलं चढली होती.

भाज्याची लेणी बघायला लांबलांबनं लोक येत. मळवलीला गाडीतनं उतरायचे, डबे, सतरंज्या, पाण्याच्या सुरया असा पसारा खाली काढायचे आणि हमाल शोधायचे. एकदा एका पारशी कुटुंबाला लोहगडावर जायचं होतं आणि स्टेशनात एकही गडी नव्हता. झुंबरबाई तूप विकून परत चालली होती. तिनं त्यांची भलीमोठी पेटी बघितली, डोक्यावरची चुंबळ सारखी केली आणि म्हणाली, "उचलू लागा." गडाच्या दरवाज्यापर्यंत तिनं ती पेटी कुठं खाली ठेवली नाही. मागनं येणारा शेटजी मात्र दर वळणावर बसत होता. तेव्हापासून मळवलीला उतरलेला माणूस वाटाड्या मागायचा, तेव्हा स्टेशनातली माणसं सांगायची, "भाज्यात जा आणि झुंबरबाई म्हणून विचारा."

अशीच तिला मिस विल्मट भेटली. ही गोरी बाई दर हिवाळ्याला लोणावळ्यात बंगला भाड्यानं घेऊन राहायची आणि डोंगरांची चित्रं काढायची. उंच, वाळकी, डोक्यावर गवती टोपी. गावानं तिचं नाव इलमटबाई करून टाकलं. झुंबरबाई तिची चित्र टेकवायची तिपाई, रंगांची पेटी आणि घडीची खुर्ची घेऊन पुढं चालायची आणि इलमटबाई छत्री टेकत मागनं. जागा मनासारखी मिळाली की बाई चित्राला बसायची. झुंबरबाई जवळच कुठंतरी पाय पसरून बसायची आणि रानातली फुलं नाहीतर औषधाची मुळी गोळा करायची. दोघी एकमेकींशी बोलायच्या, आपापल्या भाषेत. एकीचं दुसरीला चार आणे कळत असेल, पण गप्पा कधी अडल्या नाहीत. इलमटबाईला थोडं हिंदुस्थानी येत होतं आणि मराठी शब्द तर ती खडे वेचल्यासारखी वेचायची. झुंबरबाई तिला सरळ अगंतुगं करायची. ती देवाला तू म्हणायची, तिथं मडमेचं काय?

इलमटबाईच्या तोंडात एक शब्द सारखा यायचा. विसापूरच्या कड्याकडं बघितलं की, "रगेड!" पलीकडच्या लोहगडाची विंचूकाट्याची सोंड बघितली की, "सो रगेड!" झुंबरबाईला तो शब्द आवडायचा, कारण तो तिला ओळखीचा वाटायचा. रगड पाणी, रगड पीक म्हणतात तसंच हे असणार. रगड डोंगर, म्हणजे पुष्कळ डोंगर. बरोबरच आहे, तिनं मनाशी म्हटलं, हितं डोंगराला काय तोटा?

मग एका सकाळी इलमटबाईनं कड्याकडं पाठ केली आणि झुंबरबाईलाच समोर दगडावर बसवलं. "बस. हलू नको." बाईच्या बरोबर लोणावळ्याहून आलेली एक मैत्रीण होती. इलमटबाई चित्र काढता काढता तिला काहीतरी सांगत होती, मधूनच ब्रशानं झुंबरबाईच्या तोंडाकडं दाखवत होती आणि त्या बोलण्यात तोच शब्द आला. एकदा नाही, दोनतीनदा. मैत्रिणीनं निरखून बघितलं आणि मान हलवली.

झुंबरबाई चमकली. पुष्कळ डोंगर ठीक आहे. पुष्कळ तोंड म्हणजे काय?

इलमटबाईचा बटलर पेद्रू डबा घेऊन आला होता. तो मूळचा गोव्याचा, मनानं चांगला, पण जे येत नाही ते येत नाही म्हणायची त्याला सवय नव्हती. उतरताना झुंबरबाईनं त्याला गाठलं.

"पेद्रूदादा, रगेड म्हंजी रं काय?"

"रॅगेड? अगो, ते काय कठीण? फाटका! चिंध्या झालेला!" त्यानं आपल्या बाहीला धरून फाडल्याची नक्कल करून दाखवली.

झुंबरबाईनं खाली बघितलं. कामाचं लुगडं होतं, पदराला ठिगळ होतं. पण ते तिनं स्वतः बारीक टाक्यांनी लावलं होतं आणि लुगडं कालच धुतलेलं होतं. तिनं सामान मळवलीला नेऊन ठेवलं, गाडी येईपर्यंत नेहमीसारखी थांबलीही नाही, आणि घरी आली.

पुढच्या खेपेला मिस विल्मट येणार असल्याचा निरोप स्टेशनातनं आला, तेव्हा तिनं परत निरोप धाडला की भात झोडायचंय, सवड न्हाई. त्याच्या पुढच्या खेपेलाही तेच.

"भात अजून आठ दीस हितंच ऱ्हातंय," रखमाजी दोनदा खाकरून म्हणाला. "झालं काय?"

"काय न्हाई."

"इलमटबाई काय बोलली?"

"मी फाटकी हाय म्हनली." आणि हे सांगताना, एवढी डोंगरासारखी बाई, तिचा आवाज कापला.

रखमाजीनं उठून म्हशीला वैरण टाकली. त्याचं सांत्वन तेवढंच असायचं.

बाजाराच्या दिवशी झुंबरबाई तूप घेऊन लोणावळ्याला गेली. तिथं शाळेत इंग्रजी शिकवणारे दीनानाथ मास्तर राहायचे. त्यांची बायको वासंती तूप झुंबरबाईकडनंच घ्यायची, कारण लोणी कढवताना त्यात विड्याचं पान टाकायचं झुंबरबाई कधी विसरायची नाही. वासंती तूप भांड्यात काढून घेत होती, मास्तर झोपाळ्यावर बसले होते. झुंबरबाई उंबऱ्याशी टेकली आणि जरा वेळानं म्हणाली, "मास्तर, येक इचारू का? विंग्रजीत रगेड म्हंजी काय वो?"

"रगेड की रॅगेड?"

"त्यात फरक असतुया?"

"आहे तर! रॅगेड म्हणजे फाटकं, चिंध्या झालेलं. रगेड निराळं."

झुंबरबाईच्या छातीवरचा धोंडा हलला. "म्हंजी फाटकं न्हाई?"

"छे, छे. रगेड म्हणजे..." मास्तरांना असा विद्यार्थी रोज कुठं मिळायचा! ते झोपाळ्यावरनं उतरले. "तुमच्याकडचा डोंगर बघा ना. खडबडीत, ओबडधोबड, खाचखळग्यांचा. कुठंही गुळगुळीत नाही. तसल्या मुलखाला इंग्रज रगेड म्हणतो."

बोलून झालं आणि मास्तरांना वाटलं, आपण फार छान सांगितलं. पण वासंतीचा तुपाचा हात थांबला होता. झुंबरबाईचा हात आपसूक गालाकडं गेला होता.

"आन् मानसाच्या तोंडाला म्हनलं तर?" तिनं हळूच विचारलं.

मास्तरांच्या आता लक्षात आलं. बायकोनं डोळे मोठे केले होते तेही दिसलं. त्यांना सहज थाप मारता आली असती, पण शब्दाच्या बाबतीत खोटं बोलणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. त्यांनी कपाटातला जाड कोश काढला, चष्मा लावला आणि पान उघडून ओळींवरनं बोट फिरवलं.

"तोंडालाही म्हणतात," ते शेवटी म्हणाले. "ऊन, वारा, वय, सोसलेलं सगळं ज्याच्यावर दिसतं असं तोंड. आणि हे बघा, माणसालाही म्हणतात. दणकट, राकट, सहजासहजी न मोडणारं."

"येकाच शब्दात? वाईट बी आन् चांगलं बी?"

"आपल्याकडं नाही का? डोंगर चढून पायाला रग लागते म्हणतो, तेव्हा रग म्हणजे दुखणं. आणि अंगात रग आहे म्हणतो, तेव्हा रग म्हणजे जोर. शब्द एकच."

हे झुंबरबाईला पटलं. पायाची रग आणि अंगातली रग, दोन्ही तिच्या पक्क्या ओळखीच्या.

मास्तर आता रंगले होते. "आणि गंमत सांगू? मुळात हा शब्द डोंगराचा नव्हेच. इंग्लंडच्याही वर थंडीचा मुलूख आहे, बर्फाचा. तिकडनं हा आला असावा म्हणतात. आधी त्याचा अर्थ केसाळ, झिपरा, भरड लोकरीचा असा होता. त्यांच्याकडं जाड लोकरी पांघरुणाला रग म्हणतात, तो शब्द याचाच भाऊ. म्हणजे काय, तर घोंगडी!"

"घोंगडी?"

"घोंगडीच. हाताला टोचते तशी. पुढं कुणीतरी झाडाझुडपांनी, खडकांनी भरलेला डोंगर बघितला आणि त्याला घोंगडीची आठवण झाली असेल. मग डोंगर रगेड झाला. मग ऊनपाऊस खाल्लेलं माणूस. आणि हो, चिंधीचा तो दुसरा शब्द आहे ना, तोही बहुधा याच घरातला. खात्रीनं सांगता येत नाही, पण दोघे चुलत भाऊ असावेत."

"म्हंजी आमचा पेद्रू अगदीच खोटं न्हाई बोलला," झुंबरबाई म्हणाली आणि पहिल्यांदाच हसली. मग परत गंभीर झाली. "पर मास्तर, मडमबाईनं मला त्यातलं काय म्हनलं? खडबडीत, दणकट का घोंगडी?"

मास्तरांनी कोशाकडं बघितलं. वासंतीनं तो त्यांच्या हातातनं काढून घेऊन मिटला.

"झुंबरबाई, हे त्यांच्या पुस्तकात कसं असेल?" ती म्हणाली. "तिलाच विचारा. सरळ तोंडावर विचारा."

विचारायला जावं लागलं नाही. दोन दिवसांनी झुंबरबाई खळ्यावर भाताच्या पेंढ्या झोडत होती. रखमाजी पेंढा रचत होता. बांधावरनं गवती टोपी येताना दिसली. मागं पेद्रू, काखेत कागदांची मोठी चामडी पिशवी, घामानं निथळलेला. इलमटबाई स्टेशनापासनं वाट विचारत चालत आली होती.

"झुंबर," ती धापा टाकत म्हणाली, "तू क्यों नाही आला? बिमार?"

झुंबरबाईनं हातातली पेंढी दगडावर आपटली. दाणे उडाले. "बिमार न्हाई. मला रगेड का म्हनलीस?"

इलमटबाईला प्रश्न कळला नाही. तिनं पेद्रूकडं बघितलं. पेद्रूनं सांगायला सुरुवात केली आणि सांगता सांगता त्याचा आवाज बारीक होत गेला, कारण आपण काय करून ठेवलंय ते त्याच्या ध्यानात येऊ लागलं. मडमेनं त्याला दोनदा काहीतरी विचारलं. तो कानापर्यंत लाल झाला आणि टोपी काढून उभा राहिला.

"माझी चूक झाली बाय," तो झुंबरबाईला म्हणाला. "मी भलताच शब्द ऐकला. फाटकी कोण बोलला नाय तुला."

"ते मला ठावं झालं. पर ह्या तोंडाला म्हनली ती. ह्या खड्ड्यांना." झुंबरबाईनं स्वतःच आपल्या गालावर बोट ठेवलं. आयुष्यात कुणापुढं तिनं असं केलं नव्हतं. "हसायला म्हनली का?"

पेद्रूनं सांगितल्यावर इलमटबाईनं पिशवी घेतली, खळ्याच्या कडेला गुडघ्यावर बसली आणि दोन कागद काढून पेंढ्यावर शेजारी शेजारी ठेवले. एकावर विसापूरचा कडा होता, सकाळच्या उन्हातला. दुसऱ्यावर झुंबरबाई.

पेद्रू मडमेचं बोलणं ऐकून ऐकून सांगू लागला. "बाईसाब बोलते, गुळगुळीत डोंगर ती काढत नाय. त्यात बघायला काय नसते. ऊन पडला तर सरळ घसरून जाते. ह्या कड्यावर ऊन थांबते. प्रत्येक खळग्यात थांबते. तुझ्या तोंडावर पण थांबते. म्हणून बोलली."

झुंबरबाईनं कागदाकडं बघितलं. ओढ्याच्या पाण्यात, तुपाच्या भांड्याच्या तळाशी असं ओझरतं तोंड तिला दिसायचं, तेवढंच. इथं ते स्वस्थ बसलेलं होतं. देवीचा एकही व्रण बाईनं पुसला नव्हता. कपाळावरचे, गालावरचे, नाकाच्या शेंड्यावरचासुद्धा. पण मान ताठ होती, डोळे दूर कुठंतरी लागले होते, आणि बघणाऱ्याला आधी ते डोळेच दिसत होते. ही कोण बाई आहे, असं झुंबरबाईला वाटलं. चांगली दिसते.

रखमाजी हातातला पेंढा टाकून जवळ आला. उकिडवा बसला. बराच वेळ बघत राहिला, मग दोनदा खाकरला.

"हीच," तो म्हणाला. "गोदीत व्हतो तवा रोज हीच दिसायची. हुबेहूब हीच."

"असल्या तोंडाची आठवन यायची तुमास्नी?" झुंबरबाईनं विचारलं. तिला हसायचं होतं, पण ते जमलं नाही.

"मग दुसऱ्या कुनाच्या?" रखमाजी म्हणाला. त्याला खरोखरच प्रश्न कळला नव्हता.

झुंबरबाईनं पदर तोंडाला लावला आणि खळ्याच्या पलीकडं तोंड करून उभी राहिली. इलमटबाई नि पेद्रू भाताकडं बघत राहिले. थोड्या वेळानं ती वळली, तेव्हा डोळे पुसलेले होते आणि आवाज नेहमीचा झाला होता. "बसा आता समदी. भाकर टाकते."

जाताना इलमटबाईनं तिचं चित्र तिच्यापुढं धरलं. हे तुझं, तुला ठेव. झुंबरबाईनं ते परत बाईच्या हातात दिलं. "तूच ने तुझ्या देशाला. हितं मी हायेच की!"

पेद्रूनं हे इंग्रजीत सांगितल्यावर इलमटबाई इतकी हसली की तिची टोपी पडली.

रखमाजी कमी बोलायचा, पण ही हकीकत त्यानं चावडीवर सांगितली आणि भाज्याला एक नवा शब्द मिळाला. सुरुवातीला पोरंटोरं झुंबरबाईला रगेडबाई म्हणून चिडवायची. ती चिडेना, तेव्हा नाव तसंच चिकटून राहिलं आणि त्यातली चेष्टा निघून गेली. पुढं पुढं तर न तुटणारा दोर रगेड, न दमणारा बैल रगेड, चांगल्या विणीची घोंगडी रगेड, असं चालू झालं. लोणावळ्याच्या मास्तरांच्या कानावर हे गेलं तेव्हा ते म्हणाले, "शब्द घोंगडीवरनं निघाला आणि फिरून घोंगडीवर आला!" आणि दिवसभर खूश होते.

इलमटबाई पुढं बरेच हिवाळे येत राहिली. दुसरी लढाई लागली त्या वर्षी आली नाही आणि त्यानंतरही नाही. झुंबरबाई मळवलीला गेली की उतरणाऱ्या माणसांत गवती टोपी दिसते का बघायची. आता गुडघ्यांची कुरकुर सुरू झाली होती, पण गडाची वाट तिनं सोडली नव्हती. ओझं तेवढं हलकं घ्यायची.

त्याच सुमाराला रखमाजीच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकला. आधी लांबचं गेलं, मग जवळचं, आणि शेवटी तो अंगणातल्या अंगणात भिंतीला हात लावून चालायला लागला. तळेगावच्या दवाखान्यात शस्त्रक्रिया होते असं वासंतीनं कळवलं. झुंबरबाईनं नवऱ्याला गाडीत घातलं आणि घेऊन गेली. डोळ्यांवर पट्ट्या बांधून तो उताणा पडून राहायचा. ती खाटेशी जमिनीवर बसून त्याला घरच्या म्हशीपासनं शेजारच्या भांडणापर्यंत सगळं सांगत राहायची. बोलणं थांबलं की तो हात पुढं करून ती आहे का चाचपायचा.

पट्टी सोडली तेव्हा डॉक्टरांनी त्याला हळूहळू डोळे उघडायला सांगितलं. जाड भिंगांचा चष्मा नाकावर बसवला. रखमाजीनं छत बघितलं, खिडकी बघितली, डॉक्टरांचा पांढरा कोट बघितला आणि मग खाटेच्या पायथ्याशी उभ्या असलेल्या बायकोकडं नजर लावली. दोनदा खाकरला.

"म्हातारी झालीस की गं!"

"डाक्टर," झुंबरबाई म्हणाली, "ह्येंच्या डोळ्यांची पट्टी परत बांधा बगू."

डॉक्टर हसले, शेजारच्या खाटांवरचे आजारीही हसले. रखमाजीला कळेना, आपलं काय चुकलं.

परतीच्या गाडीत त्यानं खिडकीची जागा धरली आणि मळवली येईपर्यंत मान आत घेतली नाही. स्टेशनातनं बाहेर पडल्यावर तर त्याचे पायच उचलेनात. हे झाड केवढं वाढलं, ह्या बांधावर कुंपण कुणी घातलं, ही वासरं कुणाची, असं एकेक विचारत तो जागोजाग थांबायचा. झुंबरबाई डोईवर बोचकं घेऊन त्याच्याबरोबर थांबायची आणि सगळं सांगायची. घरी पोचायला त्यांना त्या दिवशी फार उशीर झाला.